कोठाराचं घर झालं, पण सरवा कुणी लिहिला?

आज आपण जाऊ इंग्लंडच्या खेड्यांत. तिथं शेकडो वर्षांची लाकडी कोठारं आहेत. त्यांना बार्न म्हणतात. आता त्यातल्या कितीतरी कोठारांची राहती घरं झाली आहेत.

एसेक्स परगण्यात क्रेसिंग टेंपल नावाची जागा आहे. ११३७ साली राणी मटिल्डानं ती जमीन टेंपलर या धर्मयोद्ध्यांना दान दिली. पुढं तेराव्या शतकात त्यांनी तिथं ओक लाकडाची दोन प्रचंड कोठारं उभारली, एक जवाचं, एक गव्हाचं. दोन्ही आजही उभी आहेत आणि लोकांना पाहता येतात.

ही कोठारं नुसती साठवणीची नव्हती. तिकडं पाऊस केव्हाही येतो, म्हणून आपल्यासारखं उघडं खळं चालत नाही. त्यांचं खळं छपराखाली असायचं. समोरासमोर दोन मोठे दरवाजे आणि मधे मळणीची जमीन. दोन्ही दारं उघडली की आरपार वारं वाहायचं आणि भुसा उडून जायचा. वाऱ्याची वाट बघत सुपानं उफणलेल्या बाईला हे वेगळं समजावायला नको.

हिवाळाभर मजूर तिथं काठ्यांनी धान्य झोडपायचे. तेच त्यांचं थंडीतलं पोट. १७८६ च्या सुमारास अँड्र्यू मीकल या स्कॉटिश माणसानं मळणीयंत्र बनवलं आणि हळूहळू ते काम गेलं. १८३० मध्ये मजुरांनी गावोगाव यंत्रं फोडली. १९ जणांना फाशी झाली, शेकडो जणांना ऑस्ट्रेलियाकडे धाडलं.

बायकांचं काय? कापणीनंतर शेतात पडलेली कणसं, म्हणजे आपला सरवा, तिथंही बायका-पोरंच वेचायची. गरीब घराला त्यातून हिवाळ्याचं पीठ मिळायचं. १७८८ मध्ये मेरी हॉटन या बाईविरुद्धच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं, सरवा वेचणं हा कायद्यानं कुणाचा हक्क नाही. तरी बऱ्याच गावांत चाल टिकली, कारण बायकांनी ती सोडली नाही.

विसाव्या शतकात मोठी यंत्रं आली. ती जुन्या दारांतून आत जाईनात. कोठारं ओस पडली. वापर थांबला की छप्पर गळतं, लाकूड कुजतं. १९४७ च्या कायद्यानं जुन्या इमारतींच्या संरक्षित याद्या पक्क्या केल्या. यादीतल्या कोठाराचं घर करायचं तर आधी परवानगी लागते. विनापरवाना तोडफोड हा तिथं गुन्हा आहे.

बदल करताना काय सांभाळतात? जुन्या तुळया कापत नाहीत. छपरापर्यंतची मोकळी उंची शक्यतो तशीच ठेवतात. भिंतींना नव्या खिडक्या कमीत कमी पाडतात. मळणीच्या मोठ्या दारांनाच काच लावून उजेड घेतात. जुन्या भिंतीत सिमेंट न भरता चुना वापरतात, कारण सिमेंटमागं ओल कोंडते. वटवाघळं राहत असतील तर त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे.

हे सगळं चांगलंच आहे. पण असं काम खर्चिक असतं. ज्यांच्या पूर्वजांनी तिथं धान्य झोडपलं, त्यांना ते घर परवडणं कठीण. आणि यादीत तुळयांची नोंद होते, सरवा वेचणाऱ्या बायकांची होत नाही.

आपल्याकडंही जुने वाडे पडतात, बळदं बुजवली जातात, सागवानी खांब विकले जातात. प्रत्येक वाडा वाचवणं आपल्या हाती नाही. पण तिथं कुणी दळलं, कुणी उफणलं, कुणाला मजुरीत किती पायल्या मिळाल्या, हे लिहून ठेवणं आपल्याच हाती आहे. गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत मागची चार पानं त्यासाठी राखू. पुढच्या बैठकीला गावातल्या सर्वांत वयस्कर आजीला बोलवू आणि एकच विचारू: आजी, तुमच्या वेळची सुगी कशी असायची? ती सांगेल, आपण लिहू. लाकूड विकलं गेलं तरी ती पानं राहतील.