फाइल बिघडली तरी मजकूर उरतो

राजभाषा अधिनियम, १९६३ च्या कलम ३(३) नुसार केंद्र सरकारचे ठराव, सामान्य आदेश, अधिसूचना, करार अशी कागदपत्रे हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत काढणे बंधनकारक आहे. ठरावीक साच्यातील वाक्ये पुन्हा पुन्हा येणारे हे काम आहे. अनुवादक दिल्लीतील एखाद्या मंत्रालयात बसलेला असो वा द्वारका उपनगरातील आपल्या घरी, पूर्वी केलेली भाषांतरे हीच त्याची पुंजी असते. संगणकावर ती एखाद्या फाइलमध्ये साठते आणि एके दिवशी ती फाइल उघडेनाशी होते. मजकूर परत मिळेल की नाही, हे बहुधा त्या दिवसाच्या कितीतरी आधी ठरलेले असते.

१९८० साली झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील मार्टिन के यांनी एक निबंध लिहिला. यंत्राने भाषांतरकाराची जागा घेऊ नये, त्याच्या हाताखाली राहून मदत करावी, अशी त्यांची मांडणी होती. १९८४ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे ट्राडोस ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे ‘भाषांतर-स्मृती’ची कल्पना बाजारात रुजली. मूळ वाक्य आणि त्याचे मान्य भाषांतर यांची जोडी जपायची आणि तसेच वाक्य पुन्हा आले की ती समोर ठेवायची, एवढेच या स्मृतीचे काम. भारतात राजभाषा विभागाने पुण्याच्या सी-डॅकच्या साहाय्याने अशीच प्रणाली घडवली. २०१८ मध्ये मॉरिशस येथील विश्व हिंदी संमेलनात ती सादर झाली. तिचे नाव ‘कंठस्थ’.

हे नाव अर्थपूर्ण आहे. वेदपठणाच्या मौखिक परंपरेत तोच मंत्र पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा अनेक रीतींनी म्हटला जातो. क्रमपाठात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे अशा शब्दांच्या जोड्या होतात. जटापाठात प्रत्येक जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हटली जाते. एका ठिकाणी शब्द चुकला, तर दुसरीकडे तो उघडा पडतो. मजकूर वाचतो तो पुनरुक्तीमुळे. १९५० मध्ये बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी हेच तत्त्व गणिताच्या भाषेत मांडले. मूळ माहितीसोबत काही जादा बिट विशिष्ट नियमाने जोडले, तर यंत्राला चूक झाल्याचे कळते आणि ती कुठे झाली हेही शोधता येते.

भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी पुनरुक्ती असते. अनुवादकाने पक्के केलेले वाक्य चालू फाइलमध्ये आणि स्वतंत्र भाषांतर-स्मृतीत, असे दोन ठिकाणी नोंदवले जाते. त्यामुळे चालू फाइल बिघडली, तर मूळ दस्तऐवज नव्याने उघडून त्यावर स्मृती चालवली जाते आणि पक्के केलेले बहुतेक काम जागेवर परततेे. स्मृतीत न पोचलेली, अर्धवट राहिलेली वाक्ये मात्र हातची जातात.

पुष्कळदा मजकूर नष्ट झालेलाच नसतो. भाषांतराच्या अनेक फाइली एक्सएमएल या रचनेत लिहिलेल्या असतात. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या या रचनेचा दंडक कडक आहे: सुरू झालेला प्रत्येक टॅग बंद झालाच पाहिजे, आणि नियम मोडला की वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने तिथेच थांबले पाहिजे. त्यामुळे एक टॅग तुटल्यास हजारो निर्दोष वाक्ये असलेली फाइलही उघडत नाही. पण ही रचना साध्या मजकुराची असल्याने जाणकार ती फाइल साध्या संपादकात उघडतो, तुटलेली जागा शोधतो आणि टॅग पूर्ण करतो.

देवनागरीला आणखी एक आधार मिळाला. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही संकेतपद्धती आखली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठते. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. पहिल्या बाइटाची ठेवण उरलेल्या दोहोंपेक्षा वेगळी असते. मधला एखादा बाइट बिघडला, तर वाचणारे सॉफ्टवेअर पुढचा आरंभ-बाइट ओळखून पुन्हा मार्गावर येते. नुकसान एका चिन्हापुरते राहते.

त्याआधी हे संरक्षण नव्हते. अनेक मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. फाँट हरवला की लेख रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसे. या गोंधळावर उपाय म्हणून भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे मानक स्वीकारले. आयआयटी कानपूर आणि पुढे सी-डॅक येथील जिस्ट प्रकल्पाचे, त्यातील मोहन तांबे यांचे काम त्यामागे होते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे.

म्हणून फाइल बिघडल्यावर पहिला नियम हा, की तिच्यावर काहीही पुन्हा साठवू नये; आधी तिची प्रत करावी. अक्षरे चुकीच्या तक्त्याने वाचली गेली असतील, तर ती परत मिळतात. त्यांच्या जागी आलेली प्रश्नचिन्हे एकदा साठवली, की मागे काहीच उरत नाही. दुसरा नियम बिघाडापूर्वी पाळायचा असतो: भाषांतर-स्मृतीची एक प्रत खुल्या, प्रमाणित रचनेत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. ती रचना कोणतेही सॉफ्टवेअर वाचू शकते, आणि तसे सॉफ्टवेअर हाताशी नसेल तर माणूसही.