पत्रा आणि नळी : घरी विमान बांधणाऱ्यांसाठी धातुविचार

घरी विमान बांधायला निघालेला माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड, मग विमानात ते हवेच कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता या विषयाची निम्मी वाट चालून होते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पोलादाची घनता पाण्याच्या ७.८५ पट, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंची सुमारे २.७ ते २.८ पट. ताठपणा मोजला तर पोलाद साधारण २०० गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनियम ७०. भागाकार करून पाहा, वजनाच्या मानाने दोघांचा ताठपणा सारखाच निघतो. फरक पडतो तो जाडीत. तेवढ्याच वजनात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा जवळजवळ तिप्पट जाड मिळतो, आणि पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. हिशेब केला तर तो पत्रा आठपट ताठ ठरतो. पंखावरचा पातळ पत्रा दाबाखाली तुटण्याच्या कितीतरी आधी सुरकुततो, त्यामुळे तिथे अ‍ॅल्युमिनियमला तोड नाही.

सांगाड्याचे काम वेगळे. नळीला तिची पोकळीच ताठ ठेवते, आणि चार-पाच नळ्यांची टोके एका सांध्यात एकवटून वेल्डिंग करायची असतात. तिथे ४१३० क्रमांकाचे पोलाद लागते. त्यात सुमारे ०.३ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि चिमूटभर मॉलिब्डेनम असते. गॅसच्या ज्योतीवर ते छान जुळते, पण सांधा स्थिर हवेत सावकाश निवू द्यावा लागतो. लोहार धारेला पाणी देतो तशी घाई इथे चालत नाही. झटकन थंड झालेला सांधा कडक होतो आणि कडक झालेला तडकतो. वेल्डिंग चालू असताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, एवढी साधी सूचनाही म्हणूनच महत्त्वाची. नळी आतून गंजू नये यासाठी जुने कारागीर तिच्यात जवसाचे तेल फिरवून छिद्र बंद करत.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट मला अधिक मोहवते. १९०६ साली आल्फ्रेड विल्म हा जर्मन धातुशास्त्रज्ञ सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळलेले अ‍ॅल्युमिनियम पोलादासारखेच तापवून पाण्यात विझवून पाहत होता. विझवलेला तुकडा मऊच निघाला. दोन दिवसांनी पुन्हा मोजला, तर तो आपोआप कडक झालेला! आतल्या तांब्याचे अणू हळूहळू गोळा होऊन धातूच्या थरांची घसरण अडवतात, हे कारण पुढे कित्येक वर्षांनी उलगडले. त्यातूनच ड्युरालुमिन आले, आणि आजचा २०२४ क्रमांकाचा मिश्रधातू हा त्याच घराण्यातला. त्याच्या नावापुढे ‘टी-३’ लिहिले असेल तर तो तापवून विझवला, मग थंड असतानाच ताणला आणि तसाच मुरू दिला, असा अर्थ. पुण्याच्या तांबट आळीत मठाराच्या हातोड्याने भांड्याला जो कणखरपणा येतो, त्याचाच हा भाऊबंद. तांबट भांडे पुन्हा भट्टीत घालून मऊ करतो. इथे मात्र तापवलेत की कमावलेले सारे गेले. म्हणून २०२४ वर वेल्डिंग करत नाहीत, त्याला रिव्हेटच मारतात.

६०६१-टी६ या दुसऱ्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची ताकद कमी, तुटेपर्यंत ३१० मेगापास्कलच्या आसपास. २०२४-टी३ ची ४८० च्या घरात. पण ६०६१ गंजाला चांगले तोंड देतो आणि स्वस्तही पडतो. क्रिस हाइन्ट्झ यांच्या झेनिथ विमानांत त्याचाच पत्रा आहे; रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आर-व्ही मालिकेत पत्रा मुख्यतः २०२४ चा, त्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ लेप दिलेला. दोन्ही शहाणपणाच्या निवडी. जस्त घातलेला ७०७५ या तिघांत सर्वांत ताकदवान, पण सततच्या ताणाखाली गंजून तडकण्याचा धोका त्यात अधिक. नवशिक्याने केवळ ताकदीचा आकडा पाहून तो निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताकदीचा आकडा आणखी एका बाबतीत फसवतो. पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा ताण लाखो वेळा आला तरी ते टिकते. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, त्याचे थकणे चालूच राहते. टोकदार सळईने पत्र्यावर रेघ मारली, तर तीच उद्याच्या तड्याची सुरुवात. खुणा मार्करनेच कराव्यात. पेन्सिलसुद्धा नको, तिच्यातले ग्रॅफाइट गंजाला बोलावते. पत्रा दुमडताना आतली गोलाई जाडीच्या तीन-चार पट ठेवावी. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना भिडतात तिथे ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. कॅडमियमचा मुलामा दिलेले बोल्ट आणि मधला प्रायमर त्यासाठी. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत यात हयगय नकोच.

अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये हौशी विमानबांधणीची संघटना उभी केली, आणि तिथल्या नियमांनी अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः केलेले असावे असे ठरवले. शिकण्याला कायद्यात जागा मिळाली, याचे मला फार मोल वाटते. आपल्याकडे कांदिवलीच्या एका गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधले आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिले. मराठीतून हे शास्त्र शिकू पाहणाऱ्यांनी परके वाटून घेण्याचे काहीच कारण नाही.

पुढची पाने वाचताना एखादा भाग हातात घ्या आणि आधी विचारा : हा निकामी होईल तो कसा? सुरकुतून, थकून, गंजून, की सांध्यात उघडून? धातू त्यानंतर निवडा. आणि पहिल्या खरेदीपासून एक सवय लावून घ्या. २०२४, ६०६१ आणि ७०७५ डोळ्यांना सारखेच पांढरे दिसतात. म्हणून कारखान्याचा दाखला नसलेला पत्रा घेऊ नका, आणि कापून उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर त्याचा क्रमांक त्याच दिवशी लिहून ठेवा.