रुमालाखालचा भाव, मोबाइलवरची फियाट

मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजारही. मारवाडातून, काठियावाडातून, पंजाबातून जनावरं येतात. हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात असलं, तरी 1 जुलै 1998 ला तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळ्याचंच होतं. इथला गिऱ्हाईक घोड्याचं तोंड उघडून दात बघतो, अंगावरचे भोवरे तपासतो, चाल पाहतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. पाचोरा तालुक्यातल्या वरखेडीच्या बैलबाजारातही वेगळं काही नाही. बैल गाडीला जुंपून बघायचा, खांदा चाचपायचा, दोनदाती की चारदाती ते मोजायचं. भाव मात्र उघड बोलायचा नाही. मध्ये दलाल उभा राहतो आणि रुमालाखाली बोटं धरून आकडा ठरतो. माल चारचौघांत, किंमत झाकलेली.

जुनी मोटार मोबाइलवर बघून घेणाऱ्याच्या वाट्याला नेमकं उलट येतं. किंमत साऱ्या जगाला दिसते, माल मात्र झाकलेला असतो.

खानदेशात जुन्या गाड्यांचा धंदा रुजला तो रस्त्यांमुळे. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता धुळ्यात एकमेकांना छेदतात. दुसरा पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जातो. ट्रक थांबायचे तिथे गॅरेज उभी राहिली आणि गॅरेज होती तिथे मिस्त्री तयार झाले. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. पुढे तीच जात काळी-पिवळी होऊन खानदेशातल्या गावोगावी माणसं वाहू लागली. पेट्रोल परवडेना म्हणून अनेक जीपांत डिझेल इंजिन बसवली गेली. मूळ इंजिन कुठल्या कुठे गेलं, गाडी मात्र चालत राहिली.

फियाटची कथा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून सुरू होते. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट 1100 आणि सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी बाहेर पडू लागली. त्या काळात पैसे खिशात असले म्हणजे मोटार मिळाली, असं नव्हतं. मोटारींचं वाटप आणि विक्री 1959 च्या सरकारी आदेशाने बांधलेली होती आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. म्हणून वापरलेली गाडीही मोलाची. तालुक्याच्या गावी गाडी कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक असायचं: डॉक्टरांची, वकीलसाहेबांची, जिनिंगवाल्या शेटजींची. तिचं इंजिन कधी खोललं हे ज्याने खोललं तो मिस्त्रीच सांगायचा. इसार देण्याआधी घेणारा त्याच्याकडे चहाला जायचा. ही ओळखदेख गाडीच्या किमतीतच धरलेली असायची. आज सगळ्यात मोठी उणीव तिचीच आहे, असं प्रस्तुत लेखकाचं मत.

फोटोत काय दिसत नाही, ते पद्मिनीच्या घडणीत आहे. जीपला खाली स्वतंत्र चेसिस असते. वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. पद्मिनीचं तसं नाही. तिची बॉडी हीच तिची चेसिस. दारांखालचा उंबरा आणि फ्लोअर गंजले की गाडीचा कणाच गेला. मुंबईच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिलेली फियाट बाहेरून चकचकीत दिसते, कारण सडलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर रंग मारलेला असतो. तिथे लोहचुंबक धरला तर चिकटत नाही. खानदेशातल्या गोदामात पडून राहिलेली गाडी याबाबतीत नशीबवान. इथली हवा कोरडी, पत्रा टिकतो. पण चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दारांचं रबर तडकतं, ब्रेकचे वॉशर कडक होतात, सीटचं रेक्झीन फाटतं आणि वायरिंग उंदीर कुरतडतात. एवढं सगळं दुरुस्त होतं. गेलेला फ्लोअर बदलणं मात्र महिन्यांचं काम, आणि ते करणारे हात दरवर्षी कमी होताहेत.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे कागद. जळगावात 19, धुळ्यात 18, नंदुरबारात 39 पासिंग. गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणायची तर फॉर्म 28 वरचं ना-हरकत प्रमाणपत्रही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग फिटनेस दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. वाड्यात पडून राहिलेल्या गाडीचे हेच कागद सर्वांत आधी तुटतात. मूळ मालक वारलेला असतो, वारस चार गावांत पांगलेले असतात. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणजे आजोबांची गाडी नुसत्या विश्वासावर देऊन टाकणारा नातूही अडकू शकतो. त्यात लष्करी जवान असल्याचं भासवून, 'बदली झाली, गाडी पार्सलने पाठवतो' असं सांगत टोकन उकळणारे भामटे वेगळेच.

तरीही या गाड्या घेतल्या जाव्यात, वाचवल्या जाव्यात. कुर्ल्याची पद्मिनी 2000 च्या सुमारास बंद झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली होती, तीही ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. आता उरल्या आहेत त्या लोकांच्या अंगणात आणि गोदामांत.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी वेगळी 'व्हीए' मालिका आणली. अट अशी, की वाहन मूळ रूपात हवं, मोठे फेरफार चालत नाहीत, आणि धंद्यासाठी वापरायचं नाही. 1976 ची पद्मिनी 2026 मध्ये पन्नाशी गाठते. पोटापाण्यासाठी इंजिन बदललेल्या जीपांना मात्र हा मान मिळणं अवघड, आणि खानदेशाची खरी मोटार तीच होती. म्हणून मूळ पेट्रोल इंजिनासकट एखादी जीप चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या शेडमध्ये अजून उभी असेल, तर तिचं इंजिन काढून भंगारात घालण्याआधी मालकाने आरसी बुकावरचे नंबर चेसिसवरच्या आणि इंजिनावरच्या नंबरांशी ताडून पाहावेत. लांबच्या गाडीसाठी जाणकार घेणारे आजही त्या गावातल्या मिस्त्रीला मजुरी देऊन पाठवतात. गाडी जॅकवर चढवून खालचा फ्लोअर, दारांचे उंबरे आणि चेसिस नंबर यांचा व्हिडिओ मागवतात, आणि तो येईपर्यंत इसाराचा रुपयाही देत नाहीत.