लंबगोल ढालीचे लोक

कचेरीत कायम कोण आणि हंगामी कोण, हे कळायला मस्टर लागत नाही; खुर्ची बघितली की झालं. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर (इ. स. ११३) खुर्चीऐवजी ढाल बघायची. लीजनमधला शिपाई रोमचा नागरिक. त्याची ढाल चौकोनी, कौलासारखी बाक दिलेली. नागरिकत्व नसलेल्या साहाय्यक शिपायाची सपाट, लंबगोल. प्रत्यक्षात इतकी टापटीप नव्हती म्हणा, पण शिल्पकारानं बघ्यांची सोय पाहिली.

लंबगोल ढालींवर वेलबुट्टी, चंद्रकोरी, तारे. वेगेशियस लिहितो, की चिन्हावरून पलटण ओळखू येई, शिवाय ढालीवर शिपायाचं नावही असे. पातेल्यावर नाव घालणारे आपणच पहिले नव्हे!

गंमत पुढेच आहे. स्तंभावर चौकोनी ढालवाले पुष्कळदा किल्ले बांधताना, झाडं तोडताना दिसतात. हातघाईला बहुधा लंबगोलवाले. ब्रिटनमध्ये अग्रिकोलानं ऐन लढाईत यांनाच पुढं काढलं. रोमन रक्त न सांडता जय मिळाला तर शोभा अधिक, असं त्याचा जावई टॅसिटस बिनदिक्कत लिहून गेलाय. अशी पंचवीस वर्षं निभावली, आणि मुख्य म्हणजे जिवंत राहिलं, की नागरिकत्व! त्याचा दाखला ब्राँझच्या पत्र्यावर.

२१२ साली कॅराकॅलानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक करून टाकलं. त्याच शतकात चौकोनी ढालही मागं पडली. म्हणजे हंगामी मंडळी एकदाची कायम झाली, आणि बघतात तो काय, कायमवाल्यांच्या हातातही लंबगोल ढाल!