पद कुणी दिलं?



गेल्या काही बैठकांत एक विषय सारखा निघतोय. आपल्या मावळात ग्रामपंचायतीच्या सदस्य बाया आहेत, सरपंच आहेत, पंचायत समितीत आणि लोणावळा-तळेगावच्या नगरपरिषदांत काम करून आलेल्या आहेत. या सगळ्यांनी पक्षाचा झेंडा घरी ठेवून महिन्यातून एकदा एकत्र बसावं, आपापसात ठरवावं आणि मग आपापल्या सभागृहात एका सुरात बोलावं, असं बऱ्याच जणी म्हणतात. इथपर्यंत सगळ्यांच्या माना डोलतात. मग कुणीतरी विचारतं, "अध्यक्ष कोण?" आणि चहा येईपर्यंत कुणी बोलत नाही.

अंदर मावळातली म्हणते लोणावळ्याचीच होणार. पवन मावळातली म्हणते ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांचीच होणार. आम्ही म्हटलं, भांडण्याआधी मागं वळून पाहू. बायकांना पदं कशी मिळाली, कुणी दिली आणि ती टिकली का, हे पाहू.

सुरुवात आपल्याच तळेगावपासून करू. खंडेराव दाभाडे हे छत्रपती शाहूंचे सेनापती. १७२९ साली ते वारले. त्यांचा मुलगा त्रिंबकराव सेनापती झाला आणि १७३१ च्या एप्रिलमध्ये डभोईच्या लढाईत, पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना पडला. शाहू महाराज स्वतः तळेगावला आले, उमाबाईंचं सांत्वन केलं आणि सेनापतिपद धाकट्या यशवंतरावाला दिलं. यशवंतराव तेव्हा लहान. कारभार पाहिला तो उमाबाईंनी. मराठ्यांची एकमेव स्त्री सेनापती म्हणून आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो, पण वस्त्रं मिळाली होती मुलाच्या नावाने. नाव मुलाचं, काम आईचं. आज कितीतरी गावांत उलटं दिसतं. पाटीवर नाव बाईचं आणि कामकाज सरपंचपतीचं! तीनशे वर्षांत एवढा फरक पडला म्हणायचा.

उमाबाईंची गोष्ट इथे संपत नाही. पुढे त्या ताराबाईंच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि पेशव्यांशी बिनसलं. १७५१ साली नानासाहेब पेशव्यांनी दाभाड्यांना कैदेत टाकलं, जहागिरी आणि पद काढून घेतलं. उमाबाईंची कर्तबगारी तीच होती. पण पद वरून आलेलं होतं, ते वरच्यांनीच परत नेलं.

आता एकदम पुण्यात येऊ, १९२७ सालात. त्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेजात देशभरातल्या बायका जमल्या. शिक्षणाचा विषय घेऊन भरलेली ही पहिली अखिल भारतीय महिला परिषद. अध्यक्षपदी होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. त्या काळी असंच असायचं. अध्यक्ष राजघराण्यातली, म्हणजे वर्तमानपत्रात बातमी येते आणि सरकार दखल घेतं. पण देशभर पत्रं पाठवून, ठिकठिकाणी बायकांच्या समित्या उभ्या करून हे सगळं जुळवून आणलं ते मार्गारेट कझिन्स यांनी. आम्हाला या गोष्टीत जास्त रस वाटतो. खुर्चीचा मान महाराणींचा, पण परिषद उभी राहिली ती पत्रं लिहिणारीमुळे. तुमच्या गटातही बघा, गट कुणामुळे चालतो? बहुतेक वेळा वही सांभाळणारीमुळे.

त्याच वर्षी मद्रासच्या कायदेमंडळात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी या सरकारनियुक्त सदस्य म्हणून गेल्या. आणि सभागृहाने त्यांना एकमताने उपाध्यक्ष निवडलं. म्हणजे सदस्यपद सरकारने दिलं होतं, पण खुर्ची सहकाऱ्यांनी. सगळे सहकारी पुरुष, हे लक्षात घ्या.

आपल्या पुणे जिल्ह्यात १९६३ साली एक वेगळी गोष्ट घडली. बारामती तालुक्यातल्या निंबूत गावात अख्खी ग्रामपंचायत बायकांची झाली. सरपंच होत्या कमलाबाई काकडे. १९६८ पर्यंत ही पंचायत चालली. तेव्हा आरक्षण नव्हतं. कायद्यात एवढंच होतं की निवडून कुणी बाई आली नाही तर एक-दोघींना नामनिर्देशित करून घ्यायचं. अशा काळात सगळ्या सदस्य बाया आणि त्यांची सरपंचही बाई! पुढे १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन झालं आणि गावचा कारभार बायकांनी हातात घ्यायचा, ही हाक दिली गेली. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात बायकांचं पॅनेल निवडून आलं. याच गावात पुढे नवऱ्यांनी जमिनी बायकांच्या नावावर केल्या. म्हणजे आरक्षणाच्या आधीही बायका सत्तेत आल्या, पण बोटावर मोजण्याइतक्या गावांत.

मग १९९३ च्या एप्रिलमध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्याबद्दल आपण नेहमी म्हणतो, बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. त्यातली दुसरी ओळ मात्र आपण विसरतो. नुसत्या सदस्यांच्या जागा नाहीत, सरपंच आणि सभापतींच्या खुर्च्यासुद्धा एक तृतीयांश राखीव ठेवायच्या, असं त्यात लिहिलं आहे. कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की सदस्य झालेली बाई कोपऱ्यात बसवता येते. खुर्चीसाठी वेगळं लिहावं लागतं. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेलं. म्हणूनच वडगावला सोडत निघते तेव्हा चिठ्ठी कुठल्या गावाची निघते, याकडे आपले सगळ्यांचे डोळे लागलेले असतात.

खुर्ची काढून घ्यायचे प्रयत्नही झालेच. बाई सरपंच झाली, ऐकेना झाली, की सहा महिन्यांत अविश्वास ठराव. मग कायद्यात दुरुस्ती झाली. राखीव पदावरच्या महिला सरपंचाला हटवायचं तर तीन चतुर्थांश सदस्यांचं मत लागतं, साध्या बहुमताने भागत नाही. आणि सरपंच कुणी निवडायचा, हे तर सरकारलाच पक्कं ठरवता आलेलं नाही. २०१७ साली थेट जनतेतून, २०२० साली पुन्हा सदस्यांतून, २०२२ साली पुन्हा जनतेतून. लोणावळ्यात २०१६ साली नगराध्यक्षपद थेट मतदानाने भरलं आणि सुरेखा जाधव निवडून आल्या. थेट निवडून आलेल्या बाईला गावाचं बळ असतं, पण सदस्यांशी रोजचा झगडा असतो. सदस्यांनी निवडलेलीला सभागृह सांभाळून घेतं, पण त्यांच्या मर्जीने राहावं लागतं. दोन्हीकडे काटे आहेतच.

आता आमदार-खासदारांकडे येऊ. मावळातून १९९५ साली रूपलेखा ढोरे विधानसभेवर गेल्या. त्यांच्या आधी आणि नंतर मावळची ही जागा बहुतेक पुरुषांकडेच राहिली. २०२४ च्या निवडणुकीत २८८ आमदारांत २१ बाया निवडून आल्या. विरोधी पक्षनेतेपद प्रभा राव, प्रतिभा पाटील, मृणाल गोरे यांनी सांभाळलं. विधान परिषदेच्या उपसभापतिपदी पन्नासच्या दशकात जेठी सिपाहीमलानी होत्या, आणि २०१९ साली नीलम गोऱ्हे आल्या. मधली वर्षं तुम्हीच मोजा. विधानसभेच्या अध्यक्षपदावर तर आजवर एकही बाई बसलेली नाही.

या आमदार बायांचा, सगळ्या पक्षांच्या मिळून, स्वतः पदाधिकारी निवडणारा असा मंच आपल्याकडे नाही. समित्या आहेत. संसदेत १९९७ पासून महिला सक्षमीकरणाची समिती आहे, लोकसभेच्या वीस आणि राज्यसभेच्या दहा सदस्यांची. आपल्या विधिमंडळातही महिला व बालकांच्या हक्कांसाठी समिती आहे. कामं चांगली करतात. पण समितीप्रमुख कोण, हे सभागृहाचे अध्यक्ष ठरवतात. बायका एकत्र बसून आपली प्रमुख निवडतात, असं तिथे होत नाही.

असं झालं ते अमेरिकेत. १९७७ साली तिथल्या संसदेतल्या पंधरा जणींनी एकत्र येऊन बायकांचा गट काढला. दोन मोठे पक्ष, दोन्हींच्या बाया त्यात. अध्यक्ष कोण, हा आपलाच प्रश्न त्यांच्याही पुढे होता. त्यांनी दोन अध्यक्ष नेमल्या, एकेका पक्षाची एकेक. डेमोक्रॅटिक पक्षाच्या एलिझाबेथ होल्ट्झमन आणि रिपब्लिकन पक्षाच्या मार्गारेट हेकलर. गर्भपातासारख्या ज्या विषयावर आपसात एकमत नाही, तो त्यांनी बाजूला ठेवला, कितीतरी वर्षं. ज्यावर एकमत, ते पुढे रेटलं. गरोदर आहे म्हणून बाईला नोकरीवरून काढू नये, असा कायदा तिथे १९७८ साली झाला, त्याच्या पाठीशी या बाया होत्या. १९८१ साली पुरुषांनाही सभासद करून घेतलं, पण पदाधिकारी मात्र बायाच राहतील, हा नियम ठेवला. आम्हाला ही युक्ती फार आवडली.

त्याच सुमाराला आपल्या मुंबईत १९७२ साली महागाईविरुद्ध संयुक्त महिला समिती उभी राहिली. लाटणी घेऊन निघालेले मोर्चे तुमच्या आईला-सासूला आठवत असतील. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी, एरवी निवडणुकीत एकमेकींच्या पक्षांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या या बाया तेल आणि साखरेसाठी एका रांगेत चालल्या. मृणालताई आणि अहिल्याताई १९७७ साली एकाच लोकसभेत गेल्या, प्रमिलाताई १९८० साली. या तिघींना एकत्र काम करायची सवय रस्त्यावर लागली होती. खुर्ची नंतर आली.

गावपातळीवर २००० सालापासून महिला राजसत्ता आंदोलनाने ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायांना असंच जोडायचं काम केलं. कुठे कुठल्या सरपंच ताईला झेंडावंदनाला मागे सारलं, कुठे कोऱ्या कागदावर सही घेतली, हे एकीने दुसरीला सांगायला जागा मिळाली.

२०२३ साली संसदेने कायदा केला की लोकसभेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायकांना. अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर. महाराष्ट्राच्या आजच्या २८८ जागांवर हिशेब केला तर ९६ होतात. पण १९९३ च्या दुरुस्तीत जी दुसरी ओळ होती, ती या कायद्यात नाही. विधानसभेचं अध्यक्षपद, मंत्रिपदं, समितीप्रमुख, यातलं काहीच राखीव नाही. आम्हाला हे खटकतं. ग्रामपंचायतीला जे लागू, ते विधानसभेला का नाही?

मग त्या ९६ जणी मुंबईला गेल्या आणि एकत्र बसल्या, तर पदाधिकारी निवडायचं त्यांना कोण शिकवणार? आम्ही म्हणतो, आपल्या बचत गटातल्या बाया शिकवतील. हसू नका. बाईने बाईला मत देऊन अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष निवडायचं काम या राज्यात सगळ्यात जास्त वेळा कुठे झालं असेल, तर ते गटात, ग्रामसंघात आणि प्रभागसंघात. बँकेच्या पासबुकावर कुणाच्या सह्या, हे तिथेच ठरलं. अध्यक्षपद वर्षानुवर्षं एकीकडेच राहिलं की गट कसा मोडतो, हेही तिथेच कळलं.

तर आमचं मत सांगतो, पटलं तर घ्या. हात वर करून निवड करू नका. ज्या काकूंकडून उसने पैसे घेतलेत, ज्यांच्या शेतावर भात लावणीला जातो, त्यांच्यासमोर कुणाचा हात खाली राहणार? चिठ्ठीच टाका. एकीऐवजी दोघी अध्यक्ष ठेवा, एक पवन मावळची असेल तर दुसरी लोणावळ्याकडची, पक्षही वेगळे. मुदत एक वर्ष. सचिव मात्र दोन-तीन वर्षं तीच राहू द्या, आणि तिला प्रवासखर्च द्या, कारण फोन तिलाच करावे लागतात. आणि प्रोसिडिंग बुक सचिवाच्याच हाती राहू द्या, कुणाच्या नवऱ्याच्या नको. ज्यावर एकमत होत नाही तो विषय पुढच्या महिन्यावर टाका, त्यावरून मंच मोडू नका.

एक गोष्ट आमच्यातही सुटलेली नाही. मंचात फक्त आज निवडून आलेल्या घ्यायच्या, की मुदत संपलेल्या माजी सदस्यही? माजी सदस्यांना अनुभव आहे, पण मग नव्या मुली बोलायला कचरतात. तुमच्या गटात किंवा ग्रामसंघात हे कसं केलं, चिठ्ठी टाकली की सोडत काढली, आणि पद सोडायला कुणी नकार दिला तेव्हा काय केलं, ते आम्हाला लिहून पाठवा. भात लावणी उरकली की पुढच्या भाषणात वाचून दाखवू.