सहाबारीच्या सुट्या भागाची कुळकथा

भोपाळहून पूर्वेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर रायसेनचा किल्ला आहे. रमजानच्या महिन्यात तिथून पहाटे सहरीला आणि संध्याकाळी इफ्तारला तोफ उडते. रिवाज नवाबी काळापासूनचा. जिल्हा प्रशासन महिन्यापुरता परवाना देतं, गावातल्या मशिदीवरून दिव्याची खूण होते, तोफेला बत्ती लागते आणि आवाज ऐकून आसपासच्या खेड्यांत रोजा सुटतो. महिना संपला की तोफ स्वच्छ करून सरकारी मालखान्यात जमा होते. या तोफेचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिला सुटा भाग नाही. ओतीव नळी, तिच्या पाठीवर कान, कानात रंजक. मोडण्यासारखं काही नाही, त्यामुळे बदलण्यासारखंही काही नाही.

1737 च्या डिसेंबरात बाजीरावाने याच भोपाळात निजामाला कोंडलं, तेव्हा दोन्ही बाजूंची हत्यारं याच घराण्यातली होती. तोड्याच्या बंदुकीत थोडी यंत्ररचना असे: चाप ओढला की पेटता तोडा रंजकीवर टेकायचा. पण वाकलेला चाप कुठलाही लोहार भात्याशी बसून सरळ करून देई. नवा भाग त्या एकाच बंदुकीसाठी घडायचा आणि दुसरीला बसायचा नाही. तशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

हे बदललं तांब्याच्या एवढ्याशा टोपीमुळे. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्र्याने 1807 साली एका नव्या कळीचं पेटंट घेतलं. रंजकीऐवजी ठोका बसताच पेटणारं रसायन तीत होतं. पुढे ते रसायन तांब्याच्या टोपीत भरलं जाऊ लागलं, आणि टोपी बसवायला नळीच्या बुडाशी आट्यांनी घट्ट फिरवलेला, मधोमध भोक असलेला पोलादी निपल आला. घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी निपलातून आत जाते, दारू पेटते. पावसात भिजणारी रंजक गेली, विझणारा तोडा गेला. पण याबरोबर एक परावलंबित्वही आलं. दारू गावात कुटता येत होती, शिसं वितळवता येत होतं. टोपी मात्र कारखान्यातूनच आणावी लागे.

त्याची किंमत 1857 मध्ये दिसली. कंपनीच्या फौजांकडे तोवर टोपीच्या बंदुका आल्या होत्या, आणि शिपाई उठले ते त्याच बंदुका घेऊन. भोपाळजवळच्या सिहोरला भोपाळ कंटिंजंटच्या शिपायांनी ऑगस्टमध्ये स्वतःचं ‘सिपाही बहादूर सरकार’ उभं केलं. जानेवारी 1858 मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोझ तिथे पोचला आणि दीडशेच्या आसपास शिपायांना गोळ्या घालण्यात आल्या. दिल्लीत तर वेढ्याच्या काळात टोप्यांची टंचाई पडली होती. माणूस होता, बंदूक होती, दारूही थोडीफार होती. नव्हती ती चिमटीत मावणारी टोपी. या उठावाच्या पराभवाची कारणं मोजताना फितुरी आणि नेतृत्व यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. टोपीच्या वाट्याला एखादी ओळ येते, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

याच टोपीवर सहाबारी उभी राहिली. सॅम्युएल कोल्टला अमेरिकेत पेटंट मिळालं ते फेब्रुवारी 1836 मध्ये. आधी पाच, पुढे सहा घरांचं फिरतं चाक, प्रत्येक घरामागे एक निपल, प्रत्येक निपलावर एक टोपी. घोडा मागे ओढला की चाक एक घर पुढे सरकतं. आणि कोल्टबरोबर एक फार मोठं आश्वासन जगभर गाजलं: एका पिस्तुलाचा भाग काढावा, दुसऱ्याला लावावा, चालतंच.

हे आश्वासन कोल्टच्याही आधीचं. 1785 साली पॅरिसमध्ये ऑनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने बंदुकीच्या पन्नास कळी सुट्या करून मांडल्या. तेव्हा तिथे अमेरिकेचा वकील असलेल्या थॉमस जेफरसनने हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही कळी जुळवल्या आणि थक्क होऊन तसं मायदेशी कळवलं. पुढे अमेरिकेत एली व्हिटनीने हाच खेळ करून सरकारला भुरळ घातली. त्याच्या उरलेल्या बंदुका इतिहासकारांनी तपासल्या तेव्हा त्यांचे भाग एकमेकींना बसत नव्हते. काम खऱ्या अर्थाने तडीस नेलं हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉलने, 1820 च्या दशकात. प्रत्येक भागासाठी त्याने मापाची गेजं केली आणि गेजात न बसणारा भाग बाद ठरवला. नाव व्हिटनीचं झालं, श्रम हॉलचे होते.

कोल्टचे भाग यंत्रावर कापले जात, पण कापल्यावर कारागीर कानस घेऊन ते एकेका पिस्तुलाला बसवी. नंतर भाग सुटे करून पाणी द्यायचं आणि पुन्हा जुळवताना गोंधळ नको, म्हणून भागांवर त्या पिस्तुलाचा क्रमांक ठोकलेला असे. ते क्रमांक म्हणजे आश्वासन अर्धंच पुरं झाल्याची लेखी कबुली आहे.

काडतूस आलं तशी टोपी त्याच्या बुडात जाऊन बसली.  टोपीची सहाबारी मागे पडली आणि शंभर वर्षांनी परत आली ती इटलीतून. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी 1961 ला येत होती. व्हॅल फोर्गेट या अमेरिकन व्यापाऱ्याने ते हेरून ब्रेशाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोंपिया या गावातल्या बंदूकवाल्यांकडून कोल्टच्या 1851 च्या नेव्ही पिस्तुलाच्या प्रतिकृती करून घेतल्या. आल्दो उबेर्ती त्या कामातून पुढे आला, मागोमाग पिएत्ता. आज जगातल्या बहुतेक प्रतिकृती या दोन नावांच्या आहेत.

प्रतिकृती बाहेरून हुबेहूब, आतून इटालियन. खरी अडचण इथे सुरू होते. आत तीन पात्याच्या स्प्रिंगा असतात: एक घोड्याची, एक चाक ढकलणाऱ्या बोटाची, आणि एक दुफाळी, जिचं एक टोक चापावर आणि दुसरं चाक अडवणाऱ्या खुंटीवर दाब ठेवतं. ही दुफाळी वारंवार तुटते. काळी दारू जळून जाते पण निम्म्याहून जास्त वजनाची काजळी मागे ठेवते, ती ओल धरते आणि निपल गंजून घट्ट बसतात. म्हणजे बदली भाग लागणारच. आणि उबेर्तीचा भाग पिएत्ताला सरळ बसत नाही. जुन्या हाती जुळवलेल्या पिस्तुलांत त्याच कंपनीचा भागही कानशीशिवाय बसेल याची खात्री नसते. अलीकडे संगणकी यंत्रांवर कापलेले भाग बरेच एकसारखे येतात. निपलाचं तर सरळ आट्यांचं भांडण. पिएत्ताचे आटे मिलिमीटरी, सहा बाय पाऊण. रूगर या अमेरिकन कंपनीच्या ओल्ड आर्मी पिस्तुलाचे इंचाचे, बारा-अठ्ठावीस. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. जोर लावून चुकीचा फिरवला तर चाकातले आटे कापले जातात, आणि एवढ्याशा भागापायी अख्खं चाक जातं. म्हणून जाणकार आधी नळीवरची खूण वाचतो: इटालियन परीक्षेच्या शिक्क्यांजवळ छोट्या चौकोनात वर्ष सांगणारी अक्षरं असतात. कारखाना आणि वर्ष कळल्याशिवाय भाग मागवायचा नाही.

आपल्याकडे हा छंद नाही, पण टोपीची बंदूक अजून आहे, आणि ती छंदासाठी नाही. कोकणात तिला ठासणीची म्हणतात, भोपाळकडे भरमार. शेतात रानडुकरं आणि वानरं शिरतात, म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. या बंदुकांना उबेर्ती नाही, पिएत्ता नाही, सुट्या भागांची यादी नाही. छोट्या कारखान्यांत हाताने घडलेल्या, त्यामुळे एकीचे आटे दुसरीला जुळतील असं नाही. निपल झिजला की परवानाधारक बंदूकसाजाकडे बंदूकच न्यावी लागते. जुना निपल काढून, त्याचे आटे मोजून, तो नवा त्याच बंदुकीपुरता कापतो.