केसोबासांची कात्री

दीड तासाची मुलाखत कापून तिच्यातून चाळीस सेकंदांची रील काढायची, ही कला मराठी माणसाने तेराव्या शतकातच हस्तगत केली होती, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा कॅमेरा नव्हता, पण बाकीचं सगळं होतं. जाणत्या माणसांना गाठून बोलतं करायचं, त्यांचं बोलणं प्रसंगासकट नोंदवून ठेवायचं, मग दुसऱ्याने त्या ढिगातून नेमकी वाक्यं उचलायची आणि ती स्वतंत्र फिरू शकतील अशी मांडायची. पहिलं काम महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी केलं, दुसरं त्याच पंथाच्या केसोबासांनी.

बारामती-इंदापूर पट्ट्यात फिरणाऱ्या क्लिपांचं कूळ शोधता शोधता मी रिद्धपूरला पोहोचलो, म्हणजे थेट विदर्भात. आधी अलीकडच्या पायऱ्या उरकून घेतो, कारण त्या सर्वांना ठाऊक आहेत. एप्रिल २०१९ च्या सभांमध्ये राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत जुन्या भाषणांचे तुकडे पडद्यावर दाखवले. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामच्या रील्स आल्या, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. शॉर्ट आधी पंधरा सेकंदांचा होता, मग मिनिटाचा झाला, ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत वाढला.

आमच्या भागात या कात्रीखाली तीन प्रकारचा माल जातो: पुढाऱ्यांची भाषणं आणि मुलाखती, कीर्तनं, आणि शेतकऱ्यांच्या मुलाखती. काम सगळीकडे सारखंच. रॉ फुटेज पूर्ण ऐकायचं, कुठल्या वाक्याला माणूस थांबेल ते हेरायचं, तो हूक पहिल्या तीन सेकंदांत आणायचा, आडवी चौकट उभी करायची, वर ठसठशीत ओळ आणि खाली कॅप्शन टाकायची. तास-दीड तास बोललेल्या माणसाचं एक वाक्य उरतं आणि तेच गावभर होतं.

आता म्हाइंभट. पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यानंतर त्यांच्या आठवणी विरून जातील, ही काळजी या सराळ्याच्या विद्वानाला लागली. त्यांनी चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून रिद्धपूरला एकेक लीळा, म्हणजे स्वामींचा एकेक प्रसंग, ऐकून उतरवून घेतली. चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या इतरांना गावोगावी जाऊन विचारलं. कोण कुठे बसलं होतं, कोणी काय विचारलं, स्वामी काय म्हणाले, सगळं टिपलं. लीळाचरित्र हा असा मुलाखतींमधून उभा राहिलेला ग्रंथ आहे. त्यात स्थळ आहे, भांडणं आहेत, जेवणं आहेत, रुसवे आहेत. आजच्या भाषेत ते रॉ फुटेज.

मग केसोबास आले. त्यांनी चक्रधरांची वचनं या प्रसंगांमधून वेगळी काढली आणि विषयवार लावली. तो सूत्रपाठ. विचाराची सूत्रं एका प्रकरणात, आचाराची दुसऱ्या. एखादं सूत्र पैठणला कोणाला उद्देशून म्हटलं होतं की डोमेग्रामला, हे सूत्रपाठात दिसत नाही. तिथे फक्त वाक्य दिसतं. काही सूत्रं दोन-तीन शब्दांचीच आहेत. ती पाठ होतात, तोंडोतोंडी जातात आणि कुठल्याही वेळी काढून वापरता येतात.

पण मला जागीच खिळवलं ते दृष्टांतपाठाने. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची रचना ठरलेली आहे. वर सूत्र, मग दृष्टांत, खाली दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टान्तिक केसोबासांचं, म्हणजे या गोष्टीचा त्या सूत्राशी काय संबंध ते सांगणारं. आता कुठलीही मुलाखतीची रील उघडा. वर एक ठसठशीत ओळ, मध्ये बोलणारा माणूस, खाली क्लिप काढणाऱ्याने लिहिलेली कॅप्शन. तीन मजले, त्याच क्रमाने. हे साम्य योगायोगाचं आहे असं मला वाटत नाही. लांब बोलणं तोडून जगवायचं असेल तर हीच घडण लागते, आणि मराठीत ती पहिल्यांदा केसोबासांना सापडली.

केसोबासांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्यामुळे मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. त्यांनी स्वतःचे शब्द स्वामींच्या शब्दांत मिसळू दिले नाहीत. दार्ष्टान्तिक वेगळं, त्याची जागा वेगळी. वाचणाऱ्याला कळतं की इथे चक्रधर थांबले आणि केसोबास बोलू लागले. आज क्लिपवरच्या मोठ्या अक्षरांतली ओळ बोलणाऱ्याची की क्लिप काढणाऱ्याची, हे शंभरातल्या किती जणांना कळत असेल?

या कुळाला दुसरे दावेदार आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. पहिला दावा टीव्हीचा. बातमीवाल्यांचा 'बाईट' हाच क्लिपचा बाप, असं बहुतेक लोक सांगतील. त्याला आधारही भक्कम आहे. अमेरिकेत डॅनियल हॅलिन या अभ्यासकाने निवडणुकीच्या बातम्या मोजल्या, तेव्हा उमेदवाराचं सलग बोलणं १९६८ मध्ये सरासरी ४३ सेकंद दाखवलं जात होतं, ते १९८८ मध्ये ९ सेकंदांवर आलं होतं. पण बाईट हा बातमीच्या आत राहतो. त्याच्या आधी निवेदक बोलतो, नंतर वार्ताहर. बाईट एकटा घराबाहेर पडत नाही. सूत्र पडतं, रीलही पडते. म्हणून टीव्हीला मी चुलता मानतो, बाप मानत नाही.

दुसरा दावा खास बारामतीचा आहे, आणि तो नाकारताना मला मनापासून जड जातं. कवी मोरोपंत. पन्हाळ्याला १७२९ मध्ये जन्मलेले हे पराडकर बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले, तिथेच पुराण सांगत राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच गेले. एकाच रामकथेची त्यांनी १०८ रामायणं केली असं परंपरा सांगते. प्रत्येकाची खुबी निराळी. मंत्ररामायणात रामनामाच्या मंत्राची अक्षरं श्लोकांत ओवलेली. निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायची अक्षरंच वर्ज्य, म्हणजे रामाच्या कथेत 'राम' म्हणायची सोय नाही. एक मोठी गोष्ट घ्यायची, तिची शंभरावर छोटी रूपं करायची आणि प्रत्येक रूपाला ऐकणाऱ्याला अडकवणारी एक चमत्कृती द्यायची: हूक म्हणजे काय हे मोरोपंतांइतकं क्वचितच कोणाला कळलं असेल. पुढे कीर्तनकारांनी त्यांच्या आर्याभारतातली एकेक आर्या उचलून आख्यानात वापरली, म्हणजे त्यांच्याही ग्रंथाच्या क्लिपा झाल्याच.

तरीही कुळाचा मान त्यांना देता येत नाही. मोरोपंत पुन्हा रचतात. शब्द त्यांचे, वृत्त त्यांचं, कसरत त्यांची. क्लिप काढणारा रचत नाही, तो फक्त निवडतो आणि तोडतो. दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा ठेवून त्याला नव्या जागी बसवणं ही केसोबासांची विद्या. मोरोपंतांकडून क्लिपने हूक घेतला असेल, कात्री मात्र घेतलेली नाही.

आता माझ्या बाजूचा अवघड मुद्दा. केसोबासांपासून बारामतीच्या एखाद्या स्टुडिओपर्यंत सरळ वाट दाखवता येत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ आणि इतर सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले, ते शेकडो वर्षं पंथाबाहेरच्या वाचकाला बंद होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी लिपीची किल्ली शोधली, तेव्हा ते उघडले. मग मधल्या काळात ही विद्या आली कुठून? माझं उत्तर असं: ती ग्रंथातून आलीच नाही, कानातून आली. लांब निरूपण ऐकायचं आणि घरी जाताना त्यातलं एक वचन नि एक दृष्टांत घेऊन जायचा, ही सवय महाराष्ट्राच्या श्रोत्याला होतीच. केसोबासांनी ती ग्रंथात उतरवली, वारकरी कीर्तनाने ती जिवंत ठेवली. दरवर्षी तुकोबांची पालखी बारामतीला मुक्कामाला येते, पुढे इंदापूर तालुक्यात सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम होतात, बेलवडीला गोल रिंगण होतं. मुक्कामी कीर्तन होतं, एकाच अभंगावर. सकाळी पालखी हलते तेव्हा मागे गावात आख्खं कीर्तन राहत नाही, एखादा दृष्टांत राहतो. फोन आल्यावर लोकांनी त्याच जागेवर बोट ठेवून तोच तुकडा कापला. हा दुवा कागदावर दाखवता येत नाही, पण तो नसता तर एवढ्या झपाट्याने कीर्तनाच्या क्लिपा गावोगावी पसरल्या नसत्या.

आणि आता कुळातली ती शाखा, जी आपण तोडून टाकली.

सूत्रपाठ फिरू लागला तशी अडचण उभी राहिली. सूत्र पाठ आहे, पण ते कोणाला म्हटलं, कशावरून म्हटलं? संन्याशाला उद्देशून म्हटलेलं वाक्य संसाऱ्याला लावलं तर अर्थाचा अनर्थ. पंथाने यावर एक स्वतंत्र ग्रंथ केला: प्रकरणवश. त्यात सूत्र घ्यायचं आणि ते ज्या प्रसंगी उच्चारलं गेलं तो प्रसंग त्याला परत जोडून द्यायचा. तोडलेलं वाक्य घरी पोहोचवणारा ग्रंथ! जगात संदर्भ तुटल्याची तक्रार करणारे पुष्कळ झाले. ती तक्रार मनावर घेऊन वाक्यावाक्याचा पत्ता लिहून ठेवणारे किती? दृष्टांतपाठातच जन्मांध आणि हत्तीचा दृष्टांत आहे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. ज्यांनी हा दृष्टांत जपला, त्यांना तुकड्याचा धोका चांगला कळलेला होता.

प्रकरणवशाची गरज आमच्याकडे शेतातही पडते. इंदापूरच्या डाळिंब बागायतदाराची तासाभराची मुलाखत असते. त्यात तो आपला बहार सांगतो, जमीन सांगतो, झाडांचं वय सांगतो, आणि मग बागेला ताण किती दिवस दिला, म्हणजे पाणी किती दिवस तोडलं, ते सांगतो. क्लिपमध्ये उरतात ते ताणाचे दिवस. हलक्या मुरमाड जमिनीला थोडा ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीला जास्त लागतो. आंबे बहाराचं गणित मृग बहाराला चालत नाही. काळ्या रानातल्या माणसाचे दिवस मुरमाडवाल्याने आपल्या बागेला लावले तर झाडं वाळायला लागतात. त्या रीलखाली जमीन आणि बहार एवढे दोन शब्द लिहिले तरी ते प्रकरणवशच.

राजकारणात मात्र प्रकरणवशाचं काम सोपं राहत नाही. २१ फेब्रुवारी २०१८ ला पुण्यात बीएमसीसीच्या मैदानावर राज ठाकरे यांनी शरद पवारांची जाहीर मुलाखत घेतली. कितीतरी विषयांवर बोलणं झालं, पण आरक्षण आणि आर्थिक निकषाबद्दलचं मत तेवढं वेगळं निघून चर्चेत राहिलं. तिथे आख्खी मुलाखत ऐकल्याने नक्कीच फरक पडतो. ज्याला शंका आहे त्याने ती पूर्ण ऐकावी, असं मी आवर्जून सांगेन.

पण निंबोडीचं काय? एप्रिल २०१३, भयाण दुष्काळ. इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीच्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार बोलले. त्या भाषणात आणखी काय होतं हे आज फारसं कोणाला आठवत नाही. धरणात पाणीच नाही तर काय लघवी करून भरायचं का, या अर्थाचं एक वाक्य सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. रील जन्माला येण्याच्या सात वर्षं आधीची ती रील. 'वाक्य संदर्भ सोडून दाखवलं' असं अशा वेळी हमखास म्हटलं जातं. म्हणून महानुभावांच्या रीतीने त्याचं प्रकरणवश लिहून पाहू. सूत्र: वरचं वाक्य. स्थळ: निंबोडी, ज्या तालुक्याच्या उत्तर कडेला उजनीचा फुगवटा आहे. कोणाला उद्देशून: सोलापूरचे प्रभाकर देशमुख, जे पाण्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. किती दिवस: ५५.

प्रसंग जोडला आणि वाक्य हलकं झालं नाही, उलट जड झालं. तुकडा ऐकताना तो नुसता ग्राम्य बोलण्याचा नमुना वाटतो. संदर्भासह ऐकला की समोर उपाशी बसलेला माणूस दिसतो. म्हणजे संदर्भ नेहमी बोलणाऱ्याच्या बाजूनेच साक्ष देतो हा समज चुकीचा आहे, आणि प्रकरणवश लिहिणाऱ्यांनी प्रसंग जोडताना वाक्य सोडवण्याची हमी कधी घेतलेली नव्हती. अजित पवारांनी जाहीर माफी मागितली. १४ एप्रिलला ते कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी, प्रीतिसंगमावर, दिवसभर आत्मक्लेश करत बसले.